आवरून ठेवलेली खाडी

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आता करंजाड्याच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या की गोड हसून विचारतात, तुमी घरात एवढं कुठे चालत असता? कुठे नाही. हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बाल्कनीत आणि परत. बँकेचे लोक आमच्या गावात यायचे होते त्या सकाळी मी इतक्या फेऱ्या मारल्या की नवरा माझा चहाचा कप घेऊन मागे मागे फिरत राहिला, आणि शेवटी कंटाळून तो त्यानेच पिऊन टाकला.

बँक म्हणजे नाक्यावरची, पासबुक छापून देणारी नव्हे. ही परदेशातली, सरकारांना कर्ज देणारी. आमच्या भागात खाडीवर भराव टाकून एक नवा रस्ता व्हायचा आहे, कंटेनरचे ट्रेलर गावांत न घुसता थेट बंदराकडे जावेत म्हणून. त्याला ही बँक पैसा देणार. पण देण्याआधी तिच्या काही अटी असतात. रस्त्याने कुठलं पाणी अडेल, खाडीतली कुठली तिवरांची झाडं मरतील, कुणाच्या पोटावर पाय येईल ते आधी शोधा, आणि जे मोडणार असेल ते वाचवायची सोय नकाशातच करा. नंतर बघू म्हणायचं नाही, आधी. हे शोधायचं काम बेलापूरच्या ज्या ऑफिसला मिळालं आहे, तिथे मी नोकरी करते. नक्की काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांच्या तक्रारी शोधते. लोक हसतात. आपल्याकडे तक्रार केली तर कुणी ऐकत नाही, आणि ही बाई म्हणे ती शोधत फिरते, त्याचा पगार घेते.

तर या रस्त्याच्या वाटेत माझं माहेर येत होतं. जासईच्या पुढे, खाडीच्या कडेला. गाव नाही जात, गावाच्या मागे येणारा खाडीचा फाटा जातो. नकाशात त्या फाट्यावर भराव होता आणि भरावाच्या पोटातून सिमेंटचे गोल पाइप. आमचा इंजिनियर ते पाइप असे दाखवायचा, जणू स्वतःच्या हाताने ओतून काढलेत. पाइपातून पाणी येणार, पाणी जाणार, भरती-ओहोटी चालू राहणार, तिवरं जगणार. सगळं खरं होतं. फक्त पाइपातून होडी जाणार नव्हती, आणि त्या फाट्यातून रोज होडी नेणारी माझी आत्या होती.

ती एकटी नव्हे. आणखी चार-पाच घरांतली माणसं जातात, पण आत्यासारखं कुणी नाही. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, गावातल्या गावातच दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, घरात एसी आहे, आणि तरी ही बाई भरतीची वेळ बघून होडक्यात उभी राहते, बांबूने चिखल रेटत तिवरांत शिरते, आमिष बांधलेली गोल जाळी टाकून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, काढते. मुलगा म्हणतो, आई, बस आता, लोक मला नावं ठेवतात. ती म्हणते, "मंग घरान बसून काय करू? टीवीवरची शिरेल बगू?" तिला त्या चिंबोऱ्यांच्या पैशाची गरज नाही. तिला जायचं असतं, एवढंच. मला ते समजतं, कारण भिंगरी आमच्याकडे बापाच्या बाजूने आली आहे.

मी अहवालात लिहिलं होतं की या फाट्याचा रोज वापर होतो, होडीला वाट ठेवायला हवी. इंजिनियर म्हणाला, आत्या तुझी आहे म्हणून लिहितेस. ते त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटी साहेबांनी मधला मार्ग काढला. बँकेची माणसं स्वतः येऊन बघतील. त्यांना वापर दिसला तर पाइप काढून वाट ठेवू, नाही दिसला तर पाइप पक्के. गाव माझं आहे हे बँकेला कळवलं जाईल, आणि मी जाईन ती फक्त दुभाषी म्हणून. गावाला पढवायचं नाही, आपलं मत मधे घालायचं नाही. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे.

मी नियम पाळला. आत्यालाही फोन केला नाही. कशाला करायचा? खाडीच्या काठावर उतरलं की दोरीवर जाळी, चिखलात होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, ओरडणारी माणसं. आंधळ्यालाही वासावरून कळलं असतं की इथे कोणीतरी राबतंय. मला फक्त गाडीतून उतरून बाजूला व्हायचं होतं.

बँकेकडून एकच बाई आल्या होत्या, त्यांना वाशीच्या हॉटेलातून घेतलं. उंच, केस अगदी बारीक कापलेले, पायात चिखलात घालायचे बूट आधीच चढवून आलेल्या. मला त्या बुटांमुळे आवडल्या. पुढच्या सीटवर इंजिनियर. गव्हाण फाट्याला ट्रेलरांच्या रांगेत अडकलो तेव्हा त्या म्हणाल्या, तुमचं गाव आहे ना, तुम्हाला अवघड जाईल. मी म्हटलं, छे. आणि ओढणीचं टोक इतकं पिळलं की ते दिवसभर तसंच उभं राहिलं.

गावात शिरलो आणि पहिला फ्लेक्स दिसला. स्वागताचा. त्यावर गावकीच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, म्हणजे माझ्या चुलत काकांचा. दुसरा फ्लेक्स. तिसरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी फक्की मारलेली. मग आम्ही खाडीच्या काठावर उतरलो, आणि मला वाटलं, ड्रायव्हर चुकीच्या जागी आला.

काठ झाडलेला होता. चिखलाचा काठ कुणी झाडतं का? आमच्या गावाने झाडला होता. दोऱ्या नाहीत, जाळी नाहीत, बांबूंची मांडणी उपटलेली आणि तिचे खड्डे बुजवलेले. एक होडी नाही. जिथे बोंबील वाळतात तिथे पांढरी कव्हरं चढवलेल्या खुर्च्या आणि टेबलावर फुलदाणी. माणसं होती, पण सगळी इस्त्रीच्या शर्टात, रांगेत, लग्नाच्या फोटोला उभी राहतात तशी. मासळीचा वास घालवायला कुणीतरी अगरबत्त्या लावल्या होत्या.

काका पुढे आले. मी त्यांना हसतमुखाने बाजूला घेतलं आणि दातांवर दात ठेवून विचारलं, "काका, होड्या कुठायत?"

"आवरल्या," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज की जणू शाबासकीच मिळणार. "अगो, बँकेची व्हिजिट हाय. पसारा दाखवाचा काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरकारने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाल्यापासून आमच्या गावाने आयुष्यात बँकेच्या ज्या व्हिजिटी बघितल्या त्या सगळ्या ट्रेलरच्या, नाहीतर घराच्या लोनच्या. काकांनी पहिला ट्रेलर घेतला तेव्हा बँकेचा माणूस घर बघायला आला होता. त्या दिवशी आमच्या घरचा सोफा त्यांच्याकडे गेला होता, शेजाऱ्यांचा फ्रिज गेला होता, आणि दारातली कोंबड्यांची खुराडी आमच्या मागच्या अंगणात आली होती. लोन मंजूर झालं. तेव्हापासून गावात ही रीत पक्की बसली. बँकवाला आला की घर भरलेलं दाखवायचं, अडचण म्हणून दाखवायची नाही, अडचणीतल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही. इतकी वर्षं ती रीत कधी चुकली नव्हती.

मी म्हटलं, "काका, ही बँक तशी नाय."

"बँक ती बँक," काका म्हणाले. "आदी मंजूर हू दे. होडीचा नंतर बगू."

नंतर बघू. तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाई आमच्याकडे येत होत्या, आणि याच्यापुढे एक शब्द बोलले असते तर ते पढवणं झालं असतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

बाई खाडीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, या पाण्याचा वापर कोण करतं? मी विचारलं. काका म्हणाले, "कोन नाय. सगला साफ हाय. आमची पोरा शिकलेली, पोर्टमदी कामाला." मी सांगितलं. बाईंनी विचारलं, मासेमारी? काका हसले, "ती पयले व्हती. आता कोन करतंय." मी तेही सांगितलं. माझाच आवाज माझ्या कानांत बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा येत होता. इंजिनियर मोकळ्या काठाचे फोटो काढत होता, आडवे, उभे, मग पुन्हा आडवे.

चिखलात एक खूण राहिली होती. होडी ओढून नेल्याची, काठापासून वर रस्त्यापर्यंत गेलेली रुंद घसरण. तेवढी झाडायची राहून गेली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, बघा ना बाई, खाली बघा. बाई चालत आल्या आणि बरोबर तिच्यावर उभ्या राहून समोरच्या तिवरांतल्या बगळ्यांकडे बघायला लागल्या. मी एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मला रडायला येत होतं, आणि त्याहून जास्त कुणालातरी हाणावंसं वाटत होतं. कुणाला ते कळत नव्हतं, कारण समोर उभी असलेली सगळी माझीच माणसं होती आणि सगळी मनापासून चांगलं करत होती.

आत्या कुठे दिसत नव्हती.

ती दिसली काकांच्या घरी, जेवणाच्या वेळी. स्वयंपाकघरात. तिलाही आवरून ठेवली होती. लग्नातली जरीची साडी, गळ्यात मोहनमाळ, केसांत गजरा. तिने माझ्याकडे बघितलं आणि भुवई उडवली. तिला या सगळ्याची गंमत वाटत होती. तिलाही कुणीतरी सांगितलं असणार, आज बँकेची व्हिजिट आहे, एक दिवस होडी नाही काढायची. एका दिवसाचंच आहे असं तिला वाटत होतं. पाइपांचं तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मला ते सांगायचं होतं, आणि सांगता येत नव्हतं. मी हात धुवायला म्हणून दोनदा मोरीशी गेले आणि कोरडेच हात घेऊन परत आले.

जेवायला चिंबोरीचा रस्सा होता, तांदळाच्या भाकऱ्या, तळलेला जिताडा. मी भाकरीचे तुकडे ताटातच फिरवत बसले. बाई मात्र कसलाही आव न आणता नांगी दाताखाली फोडत होत्या, बोटं चाटत होत्या. आमच्या गावाला त्याच क्षणी त्या पसंत पडल्या. चिंबोरीच्या अंगाचा एक मोठा पेंदा हातात धरून त्यांनी विचारलं, एवढ्या ताज्या कुठून आणल्या?

मी काकांना विचारलं. काकांनी छाती पुढे काढली. पाहुण्यासाठी महागाची वस्तू आणली, ती विकत आणली, यात मान असतो. "वाशीच्या मार्केटमदून," ते म्हणाले. "सकाली सकाली गाडी पाठवली व्हती. एक नंबर माल."

मी सांगितलं, वाशीच्या मार्केटमधून.

स्वयंपाकघराच्या दारात आत्या रश्श्याचं पातेलं घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं. इतकं जोरात की रस्सा काकांच्या पांढऱ्या मार्बलवर उडाला.

"कनच्या मार्केटमदून?"

काका म्हणाले, "तू आत जा."

"कनच्या मार्केटमदून र? मार्केटची चिंबोरी कवा अशी भरलेली असतं? ती बांधून ठेवून आतून पोकल झालेली. या माज्या हातच्या हायत. भरतीला मी जाऊन आनल्यान, तुमी माजी होडी उचलून न्यायच्या आदी."

बाई माझ्याकडे बघत होत्या. इंजिनियरही माझ्याकडेच बघत होता, पण वेगळ्या नजरेने. मी दुभाषी होते. तिकडचं इकडे आणायचं, एवढंच माझं काम होतं. मी आत्याचा एकेक शब्द बाईंना सांगितला. मार्केट, पोकळ, भरती, माझा हात. आणि होडी उचलून नेल्याचं तर जरा सावकाशच सांगितलं.

बाईंनी पेंदा ताटात ठेवला. कुठली होडी? कुठे नेली?

गावातली सगळी होडकी काकांच्या प्लॉटवरच्या क्रिकेटच्या टर्फमध्ये होती. उंच जाळ्यांचा पिंजरा, खाली हिरवंगार प्लास्टिकचं गवत, आणि त्यावर चिखलाने माखलेल्या होड्या रांगेने पालथ्या घातलेल्या, निळ्या ताडपत्रीखाली. शेजारी जाळ्यांचा ढीग, बांबू, टोपल्या, अर्धवट वाळलेले बोंबीलसुद्धा. बाई हसल्या नाहीत. त्या ढिगाभोवती फिरल्या आणि एकेका वस्तूबद्दल विचारत गेल्या, हे कुणाचं, हे कशाचं. मग एक जण म्हणाला, ते माजा. मग दुसरा. काका कोपऱ्यात उभे राहून टाचेने प्लास्टिकचं गवत उकरत होते. मला त्यांचीही दया आली. त्यांनी एवढ्या प्रेमाने लपवलं होतं, आणि त्यात त्यांचा एक रुपयाचा स्वार्थ नव्हता.

इस्त्रीचे शर्ट घातलेल्या त्याच माणसांनी आत्याचं होडकं खांद्यावर घेऊन परत काठावर नेलं. तोवर ओहोटी सुरू झाली होती. इंजिनियरने टॅबवर पाइपांचं चित्र उघडून आत्यापुढे धरलं आणि मला म्हणाला, यांना समजाव, पाणी कुठेही अडणार नाही. मी समजावलं. भराव इथून इथे येणार, त्याच्या पोटात हे पाइप, पाणी जाईल आत्या, पाणी येईल.

आत्याने चित्रावर बोट ठेवलं. गोल पाइपावरून ते फिरवलं. तिच्या चेहऱ्यावरची गंमत गेली.

"पानी जाईल," ती म्हणाली. "मी कशी जाव?"

मी ते सांगितलं. इंजिनियरने टॅब बंद केला. बाईंनी मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं आणि दुसऱ्या वेळेला माझा आवाज बातम्यांसारखा आला नाही.

मग आत्याने जरीच्या साडीचा काष्टा मारला, मोहनमाळ काढून माझ्या हातात दिली आणि होडक्यात चढली. बांबू रोवला आणि उतरत्या पाण्यावर तिवरांकडे गेली. गजरा अजून केसांतच होता. बाई गुडघाभर चिखलात उभ्या राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होत्या.

बदललेलं चित्र आलं तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. पाइप गेले होते. त्या जागी भरावाखालून चौकोनी वाट, होडीसाठी. बँकेने तशी अटच घातली होती. इंजिनियर स्वतः माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, घे, तुझी आत्या बसून आरामात जाईल. मी खूश झाले. खूप. त्याच संध्याकाळी प्रिंट घेऊन गावात माहेरच्या घरी गेले, आत्यालाही तिथेच बोलावलं. काकाही आले, त्यांनी आत्याला चित्र उलगडून दाखवलं. बँक मंजूर करते म्हणजे काय, यावर ते आता नव्याने भाषण करायला लागले होते.

आत्याने चित्रातली होडी बघितली. होडीत बसलेला छोटा काळा माणूस बघितला.

"ह्यो कोन?"

"तू," मी म्हटलं.

"मी बसून कवा गेली होडीन?"

खरंच, ती बसत नाही. चिखलात बांबू रेटायचा तर उभंच राहावं लागतं. मी लहानपणापासून बघत आले होते, अहवालातही लिहिलं होतं, आणि तरी ते चित्र बघून मला काही खटकलं नव्हतं. मी वरवर म्हटलं, "अगं, तेवढ्या पट्ट्यात जरा वाकायचं. लगेच पलीकडे."

"वाकाचा?" आत्या म्हणाली. "आपल्या खाडीन?"

काका म्हणाले, आता मंजूर झालंय, आता काय बोलायचं नाही. माझ्याही डोळ्यांपुढे पुढचं सगळं आलं. पुन्हा इंजिनियर, पुन्हा साहेब, पुन्हा तेच, आत्या तुझी म्हणून. मी उठले, ओटीवर गेले, परत आत आले. आत्या माझ्या येरझाऱ्या बघत बसली होती. मग ती उठली. माझ्या भावजयीच्या शिलाई मशिनीवरची टेप तिने माझ्या हातात दिली, कोपऱ्यातला बांबू उचलला आणि दाराच्या चौकटीत जाऊन पाय फाकवून उभी राहिली, होडीत उभी राहते तशी.

"घे माप," ती म्हणाली.

मी खाली बसून टेपचं एक टोक तिच्या पायाशी अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं वर नेलं. टेप तिच्या कपाळापाशीच संपली.

"सरल धर," आत्या म्हणाली, आणि हातातला बांबू तिने अजून वर उचलला.